बेचाळीस मीटर

आमच्या घरात 'इथंच तर आहे' असं म्हणायची सोय नाही. दादा लगेच विचारतो, "इथंच म्हणजे किती?" त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी निरोप दिला होता की हॉल बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दादा आदल्या दिवशी सायकल घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, "अकराशे चाळीस मीटर. एवढ्या लांब हाक ऐकू जाते तो माणूस मला बघायचाय." वहिनी म्हणते, हे मला लग्नानंतर कळलं म्हणून लग्न झालं.

दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मोठ्या दुकानांच्या मधे सापडलेली सात फूट रुंदीची जागा. छताला चाकं टांगलेली, खाली पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, आणि एका खिळ्याला अडकवलेला पोलादी टेप. त्या टेपला हात लावायची परवानगी कुणालाच नाही, वहिनीलाही नाही. दुकानावर पोट चालतं. पण पळणारी सगळी माणसं त्याला ओळखतात ती वेगळ्याच कामासाठी. देशाची मॅरेथॉनची अजिंक्यपद स्पर्धा आमच्या शहरात होते आणि तिचा रस्ता मोजून दिला तो दादाने. वीसहून जास्त वर्षं. पळणारे त्याला पट्टीमामा म्हणतात.

रस्ता मोजायचा म्हणजे गाडीतून चक्कर मारायची आणि आकडा बघायचा, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटा काउंटर लावलेला असतो, चाक फिरेल तसे आकडे पुढे सरकतात. आधी टेपने एक सरळ पट्टा मोजून घ्यायचा, त्यावरून चार वेळा सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मग सगळा रस्ता. तोही कसा, तर पळणारा माणूस सगळ्यात जवळून जाईल तसा. वळणावर फूटपाथच्या कडेपासून एका हातावरून, आणि रस्ता डावीकडून उजवीकडे वळला की तिरकं, सरळ रेघेत. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडात. आणि मोजून झालं की पुन्हा त्या पट्ट्यावर चार चकरा, कारण उन्हाने टायर फुगला तर आकडे बदलतात.

म्हणून मी मागे असते. मी शाळेची व्हॅन चालवते. आठवड्याचे बाकी दिवस माझ्या मागे चौदा मुलं आरडाओरडा करत असतात आणि वर्षातले दोन रविवार माझ्या पुढे दादा असतो. दिवे लुकलुकत ठेवून मी त्याच्या मागोमाग जाते, लोकांच्या शिव्या खाते. दादाला शिव्या ऐकूच येत नाहीत. त्याचं सगळं लक्ष पुढच्या चाकावर.

एवढं करून शेवटी तो बेचाळीस मीटर जास्त टाकतो. नियमच आहे तसा. किलोमीटरमागे एक मीटर हातचा राखायचा, म्हणजे मोजण्यात कुठे चूक झाली तरी रस्ता कमी भरणार नाही. काही जण हा नियम नाइलाज म्हणून पाळतात. दादा पाळतो तो जखमेवर पट्टी बांधावी तसा. वहिनी म्हणते, "दुधाने तोंड पोळलंय ना, ताकसुद्धा फुंकूनच पिणार."

ते तोंड पोळलं तेव्हा दादा सव्वीस वर्षांचा होता आणि मी एकवीसची. तेव्हा तो मोजणारा नव्हता, पळणारा होता. दुसऱ्याच्या सायकलच्या दुकानात काम करायचा आणि पहाटे पळायचा. त्या वर्षी अजिंक्यपद स्पर्धेत तो दुसरा आला, दोन तास पंधरा मिनिटं बावन्न सेकंदांत. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी ठरवलेली वेळ होती दोन तास सतरा मिनिटं. तो आत होता. मिनिटाहून जास्त आत होता. संघाच्या यादीत त्याचं नाव आलं. आईने ते वर्तमानपत्र शेजारच्या तीन घरांत नेऊन दाखवलं आणि चौथ्या घरचे स्वतःहून आले.

चौदा दिवसांनी पत्र आलं. रस्ता पुन्हा मोजला होता. परतीच्या वळणाजवळ पाण्याच्या नळासाठी खोदलेलं होतं, म्हणून कुणीतरी वळणाची खूण असलेलं पिंप शहाऐंशी मीटर अलीकडे आणून ठेवलं होतं. जाताना शहाऐंशी, येताना शहाऐंशी. एकशे बहात्तर मीटर रस्ता कमी भरला. क्रमांक कायम, वेळ रद्द. सगळ्यांचीच.

दादाने गणित केलं होतं. एकशे बहात्तर मीटरला त्याला तेहेतीस सेकंद लागले असते. ते धरूनही तो आतच होता. हे गणित घेऊन तो स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या कचेरीत गेला. तिथला माणूस चांगला होता, त्याने कागद नीट वाचला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो. पण जे पळालाच नाहीत ते धरायचं कसं?"

नंतर तो तीन वेळा पळाला. दोनदा वेळ आली नाही. तिसऱ्यांदा तिसाव्या किलोमीटरला टाचेवरची शीर तुटली. तेव्हापासून तो डावा पाय किंचित ओढतो. काही वर्षांनी मोजणीचं शिक्षण द्यायला बाहेरून एक माणूस आला, तेव्हा पहिल्या बाकावर दादा बसला होता.

हे सगळं मला माहीत होतं. पण मी टपालवालीला भेटले नसते तर मला दादा अर्धाच माहीत राहिला असता.

टपालवाली म्हणजे खरोखरच टपाल वाटणारी. काही वर्षांपूर्वी मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तेहेतीस वर्षांची, काटकुळी, सकाळी पळायची आणि मग दिवसभर सायकलवरून पत्रं वाटायची. त्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी बायकांना ठरवून दिलेली वेळ होती दोन तास पस्तीस मिनिटं. दादा शर्यतीच्या दिवशी शेवटच्या रेषेपाशी उभा असतो. तो चेहऱ्यांकडे बघत नाही, पायांकडे बघतो, कोण रेघेवरून चाललंय आणि कोण बाहेरून. मी मात्र चेहरेच बघते. शेवटच्या सरळ रस्त्यावर टपालवाली आली तेव्हा तिची नजर वरच्या घड्याळावर होती. ती रेषेला पोचण्याआधी ते पस्तीसच्या पुढे सरकलं. सहा सेकंद. रेषा ओलांडून ती पडली नाही, रडली नाही. घड्याळाकडे बघत उभी राहिली, जणू ते अजून मागे फिरेल.

दादा माझ्या शेजारी होता. तो काहीतरी पुटपुटला. मी विचारलं, "काय?" तो म्हणाला, "काही नाही. नऊ."

आठ-दहा दिवसांनी ती दुकानात आली. मी व्हॅनच्या चाकात हवा भरायला गेले होते. तिने टपालाची सायकल भिंतीला टेकवली. दादाने सवयीने ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाला, "रबर झिजलंय."

"ब्रेकसाठी नाही आले," ती म्हणाली. "रस्ता तुम्हीच मोजलात ना?"

"हो."

"बरोबर बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर?"

दादा 'हो' म्हणू शकला असता. लोक तेच ऐकायला येतात. तो म्हणाला, "नाही. त्याच्यावर बेचाळीस मीटर."

"म्हणजे ऐकलं ते खरंय." ती स्टुलावर बसली. "बेचाळीस मीटरला मला किती वेळ लागतो, सांगू?"

"नऊ सेकंद. वर थोडंसं."

तिने मान वर केली. त्याने ते गणित आधीच केलेलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं. मलाही तो शर्यतीच्या दिवशीचा आकडा तेव्हा कुठे कळला.

"आणि मी कितीने चुकले?"

"सहाने."

माझ्या हातातला पंप तेवढा फुसफुसत होता, तोही मी थांबवला. मग दादाने तिला स्वतःची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत. वेळ, पिंप, पत्र, रद्द. "म्हणून मी हातचे राखतो," तो म्हणाला. "माझ्या रस्त्यावर पळालेल्याची वेळ कुणी काढून घेऊ नये."

मग तिने विचारलं, "पत्र किती दिवसांनी आलं म्हणालात?"

"चौदा."

"त्या चौदा दिवसांत काय केलंत तुम्ही?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दादाने हातातला पाना खाली ठेवला.

"पहिले दोन दिवस झोपलो. मग केस कापायला गेलो तर न्हावी उठून उभा राहिला. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून." तो हसला. "आईने स्वेटर विणायला घेतला, तिकडे थंडी असते म्हणून. मागच्या गल्लीत एक बाई होत्या, स्पर्धेच्या देशात राहून आलेल्या. त्यांच्याकडे जाऊन मी दोन शब्द शिकलो, 'पाणी' आणि 'डावीकडे'. म्हटलं, पळताना एवढेच लागतील. रोज म्हणत बसायचो. मालक म्हणायचा, अरे निदान 'उजवीकडे' तरी शीक." मग म्हणाला, "रस्त्याने चालताना पाय जमिनीला लागतायत की नाही, ते बघायला लागायचं. तसं नंतर कधी झालं नाही. लग्नातसुद्धा नाही. वहिनीला सांगू नकोस."

शेवटचं मला उद्देशून होतं.

टपालवाली म्हणाली, "मला ते चौदा दिवस चालले असते."

"नंतर काढून घेतले असते तरी?"

"तरी. तुमच्याकडे चौदा दिवस आहेत मामा. मला एक सेकंदसुद्धा मिळाला नाही. रेषेच्या अलीकडूनच घड्याळ दिसत होतं मला."

दादाने तिच्या सायकलचं रबर बदललं, दोनदा चाक फिरवून बघितलं आणि सायकल रस्त्यापर्यंत नेऊन दिली. ती गेली. तो तिथेच उभा राहिला, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मला वाटलं अंतर बघतोय.

त्यानंतर त्याचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची सायकल दुसऱ्याला देऊ लागला. एकदा वहिनीने बाजार किती लांब आहे असं विचारलं तर म्हणाला, "आहे इथंच." वहिनी घाबरून माझ्याकडे आली. "तुझ्या भावाला दवाखान्यात दाखवू या का?"

पुढच्या वर्षीची मोजणी जवळ आली तेव्हा संघटनेचे सचिव दुकानात आले. गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "लोकांना विक्रम हवेत हो. आपला रस्ता संथ आहे अशी कुरकुर चालू आहे. ते हातचे बेचाळीस मीटर जरा आवळले तर? अंतर तर पुरंच भरेल. कागदावर नेहमीसारखंच लिहा." आणि दादा काही बोलायच्या आत वर म्हणाले, "का, तुमचा तुमच्या मोजणीवर भरवसा नाही?"

बाण बरोबर बसला. एकोणीस वर्षांत दादाची मोजणी कधी अर्धा मीटरही चुकली नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. परतीचं वळण ठरवायचं ते सगळ्यात शेवटी, कारण कमीजास्त तिथेच करतात. कारखान्यांच्या लांब भिंतीजवळचा रुंद रस्ता. दादाने आकडेमोड केली आणि खडूने दोन खुणा केल्या. एक पुरत्या अंतराची. दुसरी तिच्या एकवीस मीटर पुढे, हातचे धरून, जाता-येता मिळून बेचाळीस. वळण जिथे पक्कं करायचं तिथे रस्त्यात खिळा ठोकायचा असतो. मग तो दोन्हींच्या मधे फूटपाथवर बसला. मी व्हॅनमधला थर्मास आणला आणि चहा ओतला.

"छोटे, तू असतीस तर काय केलं असतंस?" पन्नाशी उलटली तरी तो मला छोटेच म्हणतो.

"अलीकडे ठोक खिळा," मी म्हटलं. "ती चौतीस वर्षांची झाली. अजून किती वर्षं पळणार आहे?"

"आणि माझा हात एखाद मीटर चुकला असेल तर?"

"तुझा हात चुकत नाही."

"त्या वेळच्या माणसालाही त्याची बहीण हेच सांगत असेल."

चहा संपला. तो उठला, पहिल्या खुणेपाशी गेला आणि खिळा हातात धरून वाकला. खूप वेळ वाकून राहिला. मी म्हटलं, आता ठोकतोय. पण तो सरळ झाला, बुटाने ती खूण पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि एकवीस मीटर पुढे जाऊन खिळा ठोकला. परत आला तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं की जणू कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतलाय.

"टपाल कचेरीत चल," तो म्हणाला.

"आज रविवार आहे."

"मग उद्या."

सोमवारी मुलांना शाळेत सोडून मी त्याला घेऊन गेले. कचेरीच्या मागच्या खोलीत ती उभ्याने पत्रं लावत होती, भिंतीभर खण, प्रत्येक खणावर एका गल्लीचं नाव. दादा दारातच म्हणाला, "मी कमी नाही केले."

तिचा हात थांबला नाही. "मी कुठे म्हटलं होतं करा म्हणून?"

"तू नाही म्हणालीस. माझ्या मनात आलं होतं."

मग तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "मामा, बरं झालं नाही केलेत. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मी वेळेत आले असते आणि तुमचं हे असं तोंड बघितलं असतं, तर मला जन्मभर शंका राहिली असती." मग गठ्ठा पुन्हा उचलत म्हणाली, "पण मनात आलं होतं, हे सांगितलंत ते बरं वाटलं."

त्या वर्षी टपालवाली देशात पहिली आली. दोन तास पस्तीस मिनिटं एकोणपन्नास सेकंद. अजिंक्यपद तिचं, परदेशची वेळ नाही. परतीच्या सगळ्या रस्त्याला वारा समोरून होता. तिला मंचावर उभं केलं, गळ्यात पदक घातलं, छायाचित्रं काढली, कचेरीतल्या तिच्या मैत्रिणी शिट्ट्या वाजवत होत्या. ती सगळं नीट हसतमुखाने करून मग आमच्याकडे आली आणि फूटपाथवर बसून बूट काढू लागली.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "या वेळी तुमच्या बेचाळीस मीटरांना दोष द्यायची सोय नाही."

"वारा होता," दादा म्हणाला.

"वारा तुम्ही कुठे मोजलात?"

दोघंही हसले. हसता हसता ती रडायला लागली, आणि दादाला काय करावं ते कळेना. मायेने जवळ घ्यायचं त्याला कधीच जमलं नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्यांच्या गाठी सोडवत राहिला. एक सुटली की दुसरी. त्या सुटल्यावर त्याने त्याच नाड्या पुन्हा ओवून दिल्या.

ती आणखी दोन वर्षं पळाली. मग बढती मिळाली, गुडघा कुरकुरू लागला, पळणं सुटलं. आता ती त्या मागच्या खोलीची प्रमुख आहे. कधी तरी दुकानावरून जाताना थांबते, स्टुलावर बसते. तिचं आणि दादाचं बोलणं मी ऐकलंय. पळण्याबद्दल फार नसतं. पण मधेच एक जण थांबतो, दुसराही थांबतो, आणि रस्त्यावरून कुणी सकाळचं पळत चाललं असेल तर दोघंही ते माणूस दिसेनासं होईपर्यंत बघत बसतात.

गेल्या थंडीत डॉक्टरांनी दादाला लांब सायकल चालवायला मनाई केली. टाच नव्हे, आता कंबर. मोजणीला नवीन बाई आली, जमिनीची मोजणी करणारी, हुशार, दादाहूनही किरकिरी. दादाने तिला सगळं शिकवलं, पोलादी टेपही तिच्या हातात दिला. वहिनी म्हणाली, "मला इतक्या वर्षांत शिवू दिला नाही." मोजणीच्या रविवारी तो माझ्या शेजारी व्हॅनमध्ये बसला. पुढे ती बाई सायकलवर, मागे आम्ही. तो खिडकीतून तिची रेघ बघत होता आणि तिचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे त्याला करायला काहीच नव्हतं.

कारखान्यांच्या भिंतीजवळ, जिथे रस्ता रुंद आणि सरळ होतो, तिथे तो म्हणाला, "थांबव जरा."

मला वाटलं पाय मोकळे करायचे असतील. तो उतरला, स्वेटर काढून सीटवर ठेवला आणि चालू लागला. आठ-दहा पावलं चालला आणि मग पळायला लागला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, डावा पाय ओढणारा, दुकानातल्या कळकट पँटमध्ये. पण कोपरं अंगाशी होती आणि मान स्थिर होती, आणि तो रस्त्याच्या तिरक्या रेघेवरून, सगळ्यात जवळच्या वाटेने चालला होता. मी दिवे लुकलुकत ठेवून त्याच्या मागे राहिले. मागून एक ट्रक आला, त्याने भोंगा वाजवला. मीही वाजवला, त्याच्यापेक्षा जोरात.

दीडेकशे मीटर पळाला असेल. मी मोजलं नाही. मग थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मी व्हॅन शेजारी नेली. तो आत येऊन बसला, दार ओढून घेतलं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तो समोर बघत होता, जिथे रस्ता अजून खूप उरला होता.

"चल," थोड्या वेळाने तो म्हणाला. "ती पुढे निघून गेली असेल."